‘स्टेज थ्री’ आणि आईचा गुडघा

खंबाटकी घाट चढताना पुढच्या ट्रकला मागे टाकायचं म्हणून दादाने ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा तीन हजारांवरून सटकन साडेचार हजारांवर गेला, इंजिन ओरडलं, आणि गाडी होती त्याच वेगात. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." दादा म्हणाला, "ट्रकचा धूर आहे." आई म्हणाली, "धुराला असा वास येत नाही."

आई बरोबर होती. क्लच संपला होता.

गाडी सेकंडहँड. टर्बो पेट्रोल, सहा गिअर, लाल रंग. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. दादाचा एक आणि बाकी सगळ्यांचा दुसरा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लाखभर किलोमीटर पळाल्यावर क्लच गेला यात कंपनीचा काही दोष नाही. चपला झिजतात तसा क्लच झिजतो. दादाने दोन वर्षांच्या पगारातून साठवून ही गाडी घेतली होती आणि बँकेत उरलं होतं जेमतेम ऐंशी हजार. म्हणजे पुढचा निर्णय एकदाच घेता येणार होता. चुकला असता, तर तो दुरुस्त करायला पैसे नव्हते.

पुढचे पंधरा दिवस घरात फक्त क्लचवर चर्चा. मी मास कॉमची विद्यार्थिनी, मला गाडीतलं शून्य कळत होतं. पण आमच्या क्लासमध्ये पहिल्याच सेमिस्टरला एक प्रश्न घोटून घेतला होता: हे कोण सांगतंय आणि त्यातून त्याला काय मिळतंय? तो प्रश्न घेऊन मी दादाच्या मागे गॅरेज ते गॅरेज फिरले. हा लेख त्यातून आलाय.

आधी थोडक्यात, हे प्रकरण काय असतं. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक जड चकती असते, ते फ्लायव्हील. त्याला टेकून क्लच प्लेट. आणि प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबलं की ती पकड सुटते, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात. पेडल सोडलं की पुन्हा पकड. फ्लायव्हील जड का ठेवतात? कारण इंजिन सलग ताकद देत नाही, ठोके देतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला दोन ठोके. त्या ठोक्यांमधल्या रिकाम्या क्षणात जड चकती स्वतःच्या वेगाने इंजिनाला फिरवत ठेवते. शिवणाच्या पायमशीनचं मोठं चाक आठवा, तेच काम.

दादाच्या गाडीत साधं फ्लायव्हील नव्हतं, ड्युअल मास होतं. म्हणजे एका चकतीऐवजी दोन, आणि त्यांच्या मध्ये वळलेल्या लांब स्प्रिंगा आणि ग्रीस. इंजिनाचे ठोके त्या स्प्रिंगांमध्येच जिरतात, गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाहीत. जर्मनीच्या लुक कंपनीने १९८५ मध्ये याचं उत्पादन सुरू केलं आणि आज बहुतेक ताकदवान टर्बो गाड्यांत हेच असतं. वाईट गोष्ट एकच. ते महाग असतं. क्लच प्लेटच्या कितीतरी पट महाग.

आणि इथेच सगळा गोंधळ सुरू होतो.

दादापुढे तीन कोटेशन आली. पहिलं, मूळ पद्धतीचा क्लच सेट आणि नवीन ड्युअल मास फ्लायव्हील, मजुरीसकट ६८ हजार. दुसरं, ड्युअल मास काढून टाकायचं आणि त्या जागी साधं एकसंध फ्लायव्हील बसवायचं, ४१ हजार. तिसरं दादाच्या मित्रांनी शोधलेलं: सिरॅमिक ‘स्टेज थ्री’ रेसिंग क्लच आणि हलकं फ्लायव्हील, ७४ हजार. तिसऱ्याच्या बॉक्सचा फोटोच इतका भारी होता की दादाने तो मोबाइलचा वॉलपेपर केला.

मला विचाराल तर या तिसऱ्या पर्यायाने आपल्या वयाच्या गाडीवेड्या पोरांचं जितकं नुकसान केलंय तितकं खड्ड्यांनीही केलं नसेल. आणि हे मी गाड्यांवर राग आहे म्हणून म्हणत नाही.

‘स्टेज’ या शब्दापासून सुरुवात करू. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का असतो, त्यामागे एक ठरलेली चाचणी असते. क्लचच्या ‘स्टेज’ला असं काहीही नाही. एका कंपनीचा स्टेज टू म्हणजे दुसरीचा स्टेज वन असू शकतो. ही ज्याची त्याने बनवलेली शिडी आहे, आणि शिडी दिसली की आपल्याला वरच्या पायरीवर जायचं असतं. क्लचच्या बाबतीत खरा आकडा वेगळाच: तो किती न्यूटन मीटर टॉर्क न घसरता पेलतो. दादाच्या इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन मीटर. चांगला मूळ क्लच यापेक्षा बराच जास्त पेलायला बनवलेला असतो, कारण झिजल्यावर आणि तापल्यावरही तो पुरायला हवा. म्हणजे ज्याने इंजिनाला हात लावलेला नाही त्याला दुप्पट टॉर्कचा क्लच कशाला? दादाकडे उत्तर होतं, "पुढे ट्यूनिंग केलं तर?" पुढे. बँकेत ऐंशी हजार असताना.

जास्त टॉर्क पेलायचा तर दोनच मुख्य रस्ते. एक, प्लेट जास्त जोराने दाबायची. दुसरा, प्लेटला जास्त घट्ट पकडणारं अस्तर लावायचं. पहिल्यात पेडल जड होतं, आणि पेडल दाबल्यावर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येणारा भारही वाढतो. दुसऱ्यात सिरॅमिकचे तुकडे येतात, ज्यांना ‘पक’ म्हणतात. साध्या प्लेटच्या दोन अस्तरांमध्ये लहरीसारखी पातळ पट्टी असते. ती हळूहळू दबते, म्हणून क्लच हळूहळू धरतो. पकच्या प्लेटमध्ये बहुतेकदा ही पट्टी नसते. मग क्लच एक तर सुटलेला असतो, नाही तर धरलेला. मधलं काही नाही.

हे वाचून समजत नाही, बसूनच समजतं. दादाच्या एका मित्राच्या हॅचबॅकमध्ये असा क्लच आहे. त्याने आम्हाला ‘एकदा फील घ्या’ म्हणून नेलं. संध्याकाळी सातची वेळ, कर्वे रोड, नळ स्टॉप. सिग्नल सुटला, त्याने पेडल सोडलं, गाडीने बैलासारखी उडी मारली आणि बंद. मागून पीएमपीचा हॉर्न. परत स्टार्ट, आता तीन हजार आरपीएमवर नेऊन सोडलं, आणि आम्ही पुढच्या रिक्षाच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबलो. रिक्षावाल्या काकांनी मागे वळून जे पाहिलं ते मी विसरणार नाही. न्यूट्रलमध्ये उभं असताना गिअरबॉक्समधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत होता. मित्र अभिमानाने म्हणाला, "ऐकलंस? रेसिंग क्लच."

मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. क्लच हा गाडीतला असा भाग आहे की जो कोणालाच दिसत नाही. ॲलॉय दिसतात, स्पॉइलर दिसतो, सायलेन्सर ऐकू येतो आणि पोलीसही पकडतात. क्लचचं कौतुक कोण करणार? मग त्या खडखडाटाचंच कौतुक करायचं. जो आवाज येऊ नये म्हणून इंजिनिअरांनी स्प्रिंगा आणि ग्रीसची एवढी यातायात केली, तोच आवाज आपण पैसे देऊन विकत आणतो.

आता हलक्या फ्लायव्हीलकडे वळते, कारण तिथे मामला इतका सरळ नाही. त्याची बाजू घेणारे चुकीचं बोलत नाहीत. हलकं फ्लायव्हील लावलं की इंजिन पटकन फिरतं, काटा पटकन वर जातो आणि पटकन खाली येतो, गिअर टाकताना आरपीएम जुळवणं मजेदार होतं. हे खरं आहे. इंजिनाची ताकद मात्र एका हॉर्सपॉवरने वाढत नाही. फक्त ते स्वतःला फिरवण्यात कमी ताकद घालवतं. प्रश्न असा, की याचा फायदा रस्त्यावर किती?

माझी अकरावी-बारावी सायन्सची, त्यामुळे एका रात्री वही काढली. समजा फ्लायव्हीलमधून ५ किलो कमी केले, आणि ते वजन केंद्रापासून साधारण १० सेंटिमीटरवर होतं. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण १४ पट वेगाने फिरतं. सूत्रात हा आकडा वर्ग होऊन येतो, १४ गुणिले १४. उत्तर येतं की पहिल्या गिअरमध्ये हे ५ किलो कमी करणं म्हणजे गाडीतून १०० किलोच्या आसपास वजन उतरवल्यासारखं. दीड माणूस! दादा उड्या मारायला लागला. मग सहावा गिअर. तिथे इंजिन चाकाच्या ३ पट फिरतं, वर्ग ९, आणि उत्तर येतं ५ किलो. फक्त पाच. गाडीचं वजन १४०० किलो. म्हणजे पहिल्या गिअरला सात टक्के फरक आणि सहाव्याला अर्धा टक्काही नाही. आणि पहिला गिअर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास संपतो.

म्हणजे जो काही मोठा फायदा आहे तो पहिल्या गिअरमध्ये. आपण पहिल्या गिअरमध्ये कुठे असतो? चांदणी चौकात. तेही हाफ क्लचवर सरकत. तिथे १०० किलो हलकी गाडी काय करणार, समोर टेम्पो आहे. उलट तिथे जड फ्लायव्हीलच कामाला येतं, कारण क्लच सोडताना त्याच्यात साठलेली गती इंजिनाला बंद पडू देत नाही. चढावर उभी गाडी सोडताना हलक्या फ्लायव्हीलला जास्त रेस लागते, जास्त रेस म्हणजे जास्त घसरण, जास्त घसरण म्हणजे क्लच लवकर जळणार.

मग हलकं फ्लायव्हील मूर्खपणा आहे का? अजिबात नाही. पोर्शेचं उदाहरण बघा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ९११ कॅरेरा आरएस, ज्या पिढीला ‘९६४’ म्हणतात. ट्रॅकच्या हिशोबाने सगळं काढून टाकलेल्या त्या गाडीत पोर्शेने हलकं एकसंध फ्लायव्हील दिलं. आणि त्याच गाडीची ‘टूरिंग’ आवृत्ती काढली, जरा आरामाची, तर तिच्यात ड्युअल मास ठेवलं. एकच मॉडेल, एकच कंपनी, पण गिऱ्हाईक वेगळं म्हणून फ्लायव्हील वेगळं. २०२३ मध्ये आलेल्या ९११ एस/टीमध्ये त्यांनी पुन्हा हलका क्लच आणि एकसंध फ्लायव्हील बसवून फिरणारं वजन १०.५ किलोने कमी केलं. ती गाडी मोजून १९६३ बनवल्या, कारण ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली ते साल १९६३. ती घेणारा माणूस नळ स्टॉपला रोज संध्याकाळी सात वाजता अडकायला ती घेत नाही. पोर्शेच्या इंजिनिअरांनी आधी विचारलं, ही गाडी कोण आणि कुठे चालवणार, आणि मग फ्लायव्हील निवडलं. आपण आधी फ्लायव्हील निवडतो आणि मग ते चालवायला जागा शोधतो.

आपल्याकडेही ज्यांना खरंच गरज आहे असे लोक आहेत. चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर नियमित जाणारे, ऑटोक्रॉस करणारे. इंजिनिअरिंग कॉलेजची जी मंडळी फॉर्म्युला भारतसाठी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर स्वतः बनवलेली गाडी नेतात, त्यांच्याकडून तर ग्रॅमग्रॅमचा हिशोब ऐकावा. आमच्या कॅम्पसशेजारच्या कॉलेजच्या टीममधला एक जण मला म्हणाला, "आम्ही वजन कमी करतो, पण आधी कागदावर करतो." हा ‘आधी कागदावर’ भाग रीलमध्ये नसतो.

आता ज्याचा मला खरोखर राग आला ते सांगते.

एका गॅरेजवाल्याने दादाला चौथा रस्ता सुचवला. साधं बिडाचं एकसंध फ्लायव्हील घ्यायचं, आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून ते घासून हलकं करून आणायचं. "दोन हजारात काम. सगळी पोरं करतात." दादा जवळजवळ तयार होता. दोन हजारात ‘लाइटवेट’!

थांबा जरा. २४ सेंटिमीटर व्यासाची चकती साडेसहा हजार आरपीएमला फिरते तेव्हा तिची कड ताशी २९० किलोमीटरच्या वेगाने जात असते. बीड ठिसूळ असतं. ते कुठून किती घासलं, आत बारीक तडा आहे का, चकती समतोल राहिली का, हे लेथवर नजरेने कळत नाही. अशी चकती फुटली तर तिचे तुकडे गिअरबॉक्सचं आवरण फोडून बाहेर येऊ शकतात, आणि ती जागा चालकाच्या पायांपासून फार लांब नसते. जुन्या ड्रॅग रेसिंगमध्ये हे घडलेलं आहे. म्हणून तर अमेरिकेत एसएफआय नावाच्या संस्थेने रेसिंगच्या फ्लायव्हील आणि क्लचसाठी वेगळं मानक केलं, आणि तिथले रेसवाले त्याचा शिक्का बघितल्याशिवाय ते बसवत नाहीत. हलकं फ्लायव्हील हवंच असेल तर ते मुळातच हलकं म्हणून स्टीलमधून बनवलेलं घ्या. जड बिडाला खरवडून नाही. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खराब झाला म्हणून लेथवर हलका हात फिरवून सपाट करणं वेगळं, तो साध्या फ्लायव्हीलचा जुना आणि योग्य उपाय आहे, तोही कंपनीने दिलेल्या जाडीच्या मर्यादेत. वजन उतरवण्यासाठी खरवडणं वेगळं. ‘सगळी पोरं करतात’ हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं आणि समोर लिहिलं: सांगणारा कोण? लेथवाल्याचा मित्र.

राहिला दुसरा पर्याय, साधं एकसंध फ्लायव्हील, न घासलेलं, ४१ हजारवालं. याच्याशी माझं खरं भांडण झालं, कारण ते खिशाला पटत होतं. २७ हजारांचा फरक म्हणजे माझ्या इंटर्नशिपचे कित्येक महिने. आणि त्याची बाजू खोटी नाही. एकसंध फ्लायव्हीलमध्ये झिजायला स्प्रिंगा नाहीत, पुढच्या वेळी फक्त क्लच बदलला की झालं. भरपूर लोक हे करतात आणि सुखाने गाडी चालवतात. स्प्रिंगा मग क्लच प्लेटच्या मध्यभागी असतात, पण तिथे जागा कमी, म्हणून त्या तेवढे ठोके जिरवू शकत नाहीत. उरलेले गिअरबॉक्समध्ये जातात. कुठे खडखड ऐकू येते, कुठे कमी आरपीएमला गाडी थरथरते. गाडीगाडीवर अवलंबून. ज्याच्या गाडीसाठी नामांकित कंपनीने असा तयार, जुळवलेला सेट काढलेला आहे आणि ज्याला गाडी अजून दोन-तीनच वर्षं ठेवायची आहे, त्याने हा पर्याय घेतला तर मी नावं ठेवणार नाही. दादाच्या गाडीसाठी तसा सेट नव्हता. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग गोळा करून ‘बसतंय, बसतंय’ म्हणणारा होता.

शेवटी आम्ही ज्या काकांकडे गेलो त्यांनी पहिल्यांदा काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी विचारलं, "गाडी कोण कोण चालवतं?"

दादा म्हणाला, "मी." मी म्हणाले, "आणि आई." मंगळवार-शुक्रवार दादा ऑफिसच्या बसने जातो आणि आई गाडी घेऊन हडपसरला तिच्या शाळेत जाते. आईचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. डावा, म्हणजे क्लचचा. पंधरा दिवसांच्या चर्चेत, तीन कोटेशनमध्ये, एवढ्या सगळ्या व्हिडिओंमध्ये हा गुडघा एकदाही आला नव्हता. मी आईला घेऊन दादाच्या मित्राच्या गाडीत बसवायची कल्पना मांडली. दादा गप्प बसला.

काका पुढे म्हणाले, "ताई, गिअरबॉक्स उतरवू दे, मग फ्लायव्हील बघून सांगतो. आत्ता सांगणारा ज्योतिषी." मला हे वाक्य फार आवडलं. कारण आधीच्या दोन ठिकाणी गाडी उघडायच्या आत निदान झालं होतं.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा मी रजा काढून गेले. ड्युअल मास फ्लायव्हील चांगलं की वाईट हे मोजता येतं. दोन चकत्या एकमेकींच्या तुलनेत किती फिरतात आणि किती हलतात हे मापायचं आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघायचं. ग्रीस बाहेर आलंय का, पृष्ठभागावर तापून निळे डाग पडलेत का, हे डोळ्यांनी दिसतं. मापात असेल तर ते परत वापरता येतं, आणि मग पर्याय एकचा खर्च निम्म्याहून खाली येतो. म्हणून तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर गॅरेजमध्ये एवढं नक्की विचारा: मोजलं का, आकडा किती, मर्यादा किती? जो चिडला त्याच्याकडून गाडी परत घ्या. आमचं मापाबाहेर होतं. निळे डाग तर मलाही दिसले. घाटातल्या त्या साडेचार हजार आरपीएमचे.

बाकीचं भराभर सांगते. गिअरबॉक्स एकदा उतरवला की मजुरी तीच, त्यामुळे त्याच वेळी रिलीज बेअरिंग आणि त्याचा हायड्रॉलिक सिलिंडर बदलून घ्यायचा, क्रँकचं ऑइल सील गळतंय का बघायचं. दोनेक हजारांसाठी जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते सहा महिन्यांनी ओरडलं तर पुन्हा सगळं उतरवा. फ्लायव्हीलचे बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, नवीन घ्या. लुक, साक्स, व्हॅलिओ, एक्सेडी या कंपन्या गाड्यांच्या कंपन्यांनाच क्लच पुरवतात. अनेकदा तोच भाग गाडीच्या कंपनीच्या खोक्यात महाग आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात स्वस्त मिळतो. पण नकली खोकीही फिरतात, म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. आमच्या ६८ हजारांचे असे खोके बदलून ६१ झाले.

आणि एक गोष्ट जी दादाला अजिबात ऐकायची नव्हती. काकांनी जुनी प्लेट हातात घेऊन विचारलं, "पाय पेडलवर ठेवून चालवतोस ना?" दादाला ही सवय आहे. सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून उभा राहतो, चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो. तसं आपल्यापैकी कितीतरी जण करतात, ॲक्टिव्हावरून थेट कारमध्ये आल्यावर शिकवतं कोण? रेसिंग क्लच घेतला असता तर तोही याच पायाने जाळला असता, फक्त जास्त पैशांत.

दादा अजून पूर्ण खूश नाहीये. कोइमतूरला एकदा ट्रॅक डेला जायचं त्याचं ठरलं होतं, ते पैसे फ्लायव्हीलमध्ये गेले. मित्रांच्या ग्रुपवर त्याने ‘स्टॉक क्लच टाकला’ असं लिहिल्यावर तीन जणांनी म्हाताऱ्याची इमोजी टाकली. त्याने वॉलपेपर बदलला, पण बॉक्सचा तो फोटो डिलीट केलेला नाही, मी बघितलंय.

आईने गाडी शुक्रवारी नेली. संध्याकाळी दादाने दारातच विचारलं, "कसा वाटला क्लच?" आई पिशवी ठेवत म्हणाली, "कोणता क्लच? काही बदललं होतं का?" दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एकसष्ट हजार, आणि कळलंही नाही.

नवीन प्लेट नीट बसायला पहिले सातआठशे किलोमीटर हळू चालवायची असते, शहरातल्या शहरात, रेस न करता. आज सकाळी मीटर बघितला. अजून दोनशे दहा बाकी आहेत, आणि तोवर दादा मला गाडीला हात लावू देत नाहीये.